चिंचवडची पायपीट आणि चाकणचा बुरूज

युरोपात जाऊन आलेली माणसं ओळखायची एक सोपी खूण आहे. ती "फिरलो" म्हणत नाहीत, "चाललो" म्हणतात. "काय चाललोय म्हणून सांगू! रोममध्ये एका दिवसात वीस हजार पावलं झाली!" मग मोबाईलवरचा आकडा दाखवतात. मग फोटो. कलोसियम, पँथिऑन, कुठलंसं कारंजं, कुठलासा पूल. आणि फोटो संपता संपता एक वाक्य हमखास येतं, "तिथे कसं, पावलोपावली इतिहास आहे. आपल्या पिंपरी-चिंचवडात आहे काय? नुसत्या कंपन्या!"

हे वाक्य मी आमच्या नात्यातच इतक्यांदा ऐकलंय की आता ते कोण कुठल्या सुरात म्हणणार हेही पाठ झालंय. (आत्या, तू हे वाचत असशील तर रागावू नकोस. तुझे फोटो खरंच छान आले होते.) आणि असं वाटणं साहजिकच आहे. आमच्यासारखी घरं इथे आली तीच मुळी कंपनीसाठी. बाबा १९६८ साली सातारा जिल्ह्यातल्या गावाकडून इथे येऊन कामाला लागले. आमच्या घराण्यापुरता या शहराचा इतिहास तिथून सुरू होतो. त्याआधी इथे काय होतं असं लहानपणी विचारलं की आईचं उत्तर ठरलेलं, "माळ होता. बाभळी होत्या."

तर या हिवाळ्यात एका रविवारी ठरवलं, परदेशात पाहुणा म्हणून जसं फिरतात तसं आपल्याच गावात फिरायचं. गाडी काढायची नाही. पाण्याची बाटली, टोपी, चांगले बूट. आणि प्रत्येक जागेसमोर उभं राहून तीन प्रश्न विचारायचे. हे कुणी बांधलं? कधी बांधलं? आणि आज हे कोण वापरतं? पहिले दोन प्रश्न कुठलाही गाईड विचारतो. तिसरा मी आपला सहज जोडला होता. पण दिवस संपेपर्यंत लक्षात आलं की खरं उत्तर त्या तिसऱ्यातच आहे.

सुरुवात चिंचवड स्टेशनवरून केली. लोकलची वाट बघताना आपण रुळांकडे कधी इतिहास म्हणून बघत नाही. पण मुंबई-पुणे लोहमार्गातला खंडाळा ते पुणे हा तुकडा १८५८ साली सुरू झाला. म्हणजे कारखाने यायच्या शंभर वर्षं आधीपासून आगगाडी इथून जात होती. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली ती १९५४ साली. जुनी माणसं तिला अजून पेनिसिलीन फॅक्टरी म्हणतात. साठच्या दशकात आकुर्डीला स्कूटरचा कारखाना आला, पुढे टेल्को आली. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी मिळून १९७० साली नगरपालिका झाली आणि १९८२ साली महानगरपालिका. सपाट माळ, मुंबईचा हमरस्ता, रूळ आणि पवनेचं पाणी हे सगळं आयतं हाताशी असल्यावर कारखाने इथे येणार नाहीत तर कुठे जाणार? हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे चाकणला पुन्हा भेटणार आहे.

स्टेशनवरून गावात चालत जायला पाऊणएक तास लागला, कारण मी रमतगमत गेलो. चापेकर चौक ओलांडला, पण तिथे थांबलो नाही. ऊन चढायच्या आत नदीवर पोचायचं होतं.

पवनेच्या काठावर मोरया गोसावींची समाधी आहे. मोरया गोसावी नेमके कोणत्या काळातले यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण त्यांनी इथे संजीवन समाधी घेतली ही श्रद्धा, मार्गशीर्ष वद्य षष्ठीचा उत्सव आणि "गणपती बाप्पा मोरया" मधला तो "मोरया", एवढं प्रत्येक मराठी घराला ठाऊक असतं. समाधीवरच्या देवळाची तारीख मात्र देवळातल्याच मराठी शिलालेखात आहे. काम सुरू झालं शके १५८० च्या कार्तिकात आणि संपलं पुढच्या वर्षीच्या आषाढात. इंग्रजी सनाप्रमाणे १६५८ ते १६५९. नीट हिशेब केला तर आठेक महिन्यांत देऊळ उभं राहिलं. आमच्या सोसायटीची पाण्याची टाकी यापेक्षा जास्त दिवस चालली होती :)

पण मला त्या दिवशी घाटावर उभं राहून आठवत होती ती एक इंग्रज बाई. तिचं नाव मारिया ग्रॅहम. १८०९ साली, म्हणजे अजून पेशवाई होती तेव्हा, ती मुंबईहून पुण्याकडे आली आणि चिंचवड बघायला मुद्दाम थांबली. कशासाठी, तर त्या काळी चिंचवडचे देव युरोपियनांमध्ये फार प्रसिद्ध झाले होते. मोरया गोसावींच्या वंशात सात पिढ्या गणपतीचा अंश राहील अशी श्रद्धा होती, म्हणून त्या घराण्यातल्या गादीवरच्या पुरुषाला "देव" म्हणत. आडनावही तेच झालं. एडवर्ड मूर नावाचा एक लष्करी अधिकारी तिच्याआधी, १८०० साली इथे येऊन गेला आणि त्याने "एशियाटिक रिसर्चेस" च्या सातव्या खंडात चिंचवडच्या देवांवर मोठा लेख लिहिला. तो छापून आल्यावर चिंचवड हे "बघायचं ठिकाण" झालं. थोडक्यात, आज आपण जसे रोम बघायला जातो तसे दोनशे वर्षांपूर्वी गोरे लोक चिंचवड बघायला यायचे!

मारियाबाईंना चिंचवड फारसं आवडलं नाही. देवांचा वाडा तिला अवाढव्य पण बेढब वाटला. गादीवरचे देव म्हणजे तेव्हा एक लहान मुलगा होता, त्याच्याबद्दलही तिने बरं लिहिलेलं नाही. नदीचं नावही तिने चुकीचं, मुळा असं दिलंय. पण घाटावर आल्यावर मात्र तिचं लिहिणं बदलतं. नदीकाठचं फरसबंदी आवार, त्यातली झाडं, पूर्वीच्या देवांच्या समाध्यांची छोटी छोटी देवळं, पाण्यात उतरणाऱ्या देखण्या पायऱ्या. बायका मूर्तींवर तेल, पाणी, दूध वाहतायत, मुलं फुलं घालतायत, यात्रेकरू स्नान करतायत, ब्राह्मण पोथी म्हणतायत. आणि शेवटी ती एक शेरा मारते. तो असा की हे सगळं चाललंय ते रोजच्या सवयीचं काम केल्यासारखं, त्यात कुणाचं विशेष लक्ष दिसत नाही.

मी पायरीवर बसून समोर बघितलं. एक आजी दूर्वा निवडत होत्या. शेजारी त्यांची नात मोबाईलवर काहीतरी बघत होती आणि मधूनच एक जुडी त्यांच्या हातात देत होती. दोन पोरं पायऱ्यांवर गप्पा मारत बसली होती. गाभाऱ्यातून आवर्तनांचा आवाज येत होता, अगदी एका लयीत, न थांबता, जसा कारखान्यातून मशिनचा येतो तसा. मारियाबाई अगदी बरोबर होत्या. सगळं सवयीनेच चाललं होतं. फक्त मला त्यात दोष दिसेना. सव्वादोनशे वर्षांपूर्वीचं दृश्य आज जवळजवळ जसंच्या तसं मला दिसतंय, ते कुणी जपून ठेवलंय म्हणून नाही. त्या सवयीमुळे ते टिकलंय. दरवर्षी पावसाळ्यात पवना धरणातून पाणी सोडलं की नदी या आवारात शिरते. पाणी ओसरतं, गाळ राहतो. लोक तो काढतात, फरशी धुतात आणि दुसऱ्या दिवशी दूर्वा निवडायला बसतात. वारसा वगैरे शब्द तिथे कुणी उच्चारत नाही. देऊळ धुवायचं असतं, म्हणून धुतात.

तिथून जवळच मंगलमूर्ती वाडा. मोरया गोसावींना मोरगावला कऱ्हा नदीत मिळालेली गणेशमूर्ती या वाड्यात आहे, आणि वर्षातून दोनदा, भाद्रपदात आणि माघात, ती पालखीतून मोरगावला जाते. अष्टविनायकांपैकी मोरगाव, थेऊर आणि सिद्धटेक या तीन ठिकाणांचा कारभार चिंचवड देवस्थानाकडे आहे, हे इथल्या पुष्कळ नव्या रहिवाशांना माहीत नसतं. आपण अष्टविनायकाच्या बसमध्ये बसून मोरगावला जातो आणि ज्या गावातून बस सुटते त्याच गावात त्याचं मूळ आहे याचा पत्ताच नसतो. इथेही तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तेच. वाडा अजून कामावर आहे.

मग परत फिरून चापेकर वाड्याकडे आलो. इथे मात्र उत्तर वेगळं आहे.

गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, तरी तारखा सांगतो, कारण तारखा एकापुढे एक ठेवल्या की त्या घराचं काय झालं असेल ते कळतं. १८९७ साली पुण्यात प्लेग होता. प्लेग समितीचा प्रमुख रँड, आणि गोऱ्या सोजिरांनी घरोघर शिरून केलेल्या झडत्या. २२ जून १८९७ च्या रात्री व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाचा समारंभ आटोपून परतताना गणेशखिंड रस्त्यावर रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला. दामोदर चापेकरांना फाशी झाली १८ एप्रिल १८९८ ला. मग ८ फेब्रुवारी १८९९ ला, पकडून देणाऱ्या द्रविड बंधूंना धाकट्या वासुदेवाने आणि त्याचा मित्र महादेव रानडे याने गोळ्या घातल्या. त्यानंतर वासुदेव ८ मे, रानडे १० मे, बाळकृष्ण १२ मे. सगळं १८९९ मध्ये, एक दिवसाआड एक.

हरिभाऊ चापेकर कीर्तनकार. मुलं लहानपणी बापाच्या कीर्तनात साथीला उभी राहायची. तीन मुलगे, तिन्ही फासावर. या घराच्या दारातून आत जाताना मला क्रांती, बलिदान हे शब्द आठवले नाहीत. मला वाटलं, मे महिन्याच्या त्या आठवड्यात या घरात चूल कुणी पेटवली असेल?

चापेकर वाडा आज आहे याचं कारण रोजची सवय नव्हे. इथे कुणी दूर्वा निवडत नाही. वाडा उभा आहे कारण गावातल्या काही माणसांनी तो राहिला पाहिजे असं ठरवलं, त्यासाठी समिती केली, वर्षानुवर्षं खटपट केली आणि स्मारक उभं केलं. २०१८ साली दामोदर चापेकरांवर टपाल तिकीटही निघालं. म्हणजे जागा टिकायचा हा दुसरा मार्ग. वापर संपला तरी कुणीतरी "हे ठेवायचं" असं ठरवतं.

मला वाटतं, रोमचंही याहून वेगळं काही नाही. पँथिऑन इतकं धडधाकट का आहे? कारण सन ६०९ मध्ये त्याचं चर्च झालं, आणि तेव्हापासून तिथे रोजची प्रार्थना सुरू राहिली. कलोसियमचा वापर संपला, तर लोकांनी शतकानुशतकं त्याचे दगड काढून नेले आणि दुसऱ्या इमारतींना लावले. आणि जिथे सीझर वावरला तो रोमचा फोरम? तो मातीखाली गेला, वर गवत उगवलं आणि तिथे गुरं चरू लागली. लोक त्या जागेला चक्क "गायरान" म्हणत, इटालियनमध्ये काम्पो व्हाच्चिनो. आमच्या मारियाबाई चिंचवड बघून गेल्या, त्यानंतर दहा वर्षांनी, १८१९ मध्ये, त्या रोममध्ये राहत होत्या आणि रोमच्या पूर्वेकडच्या डोंगरांवर त्यांनी एक पुस्तकही लिहिलं. तेव्हा फोरमचं उत्खनन नुकतं कुठे सुरू झालं होतं, नाव मात्र गायरानच होतं. आज आपण पैसे भरून जो फोरम बघतो तो असा, कुणीतरी ठरवल्यावर मातीतून वर आलेला आहे.

हे सगळं डोक्यात घेऊन जेवण उरकलं, आणि पुढचं अंतर काही पायी जमण्यासारखं नव्हतं म्हणून भोसरीहून चाकणची बस धरली.

बसमधून डावीउजवीकडे नुसत्या कारखान्यांच्या भिंती, कंटेनर आणि ट्रेलर. पुणे-नाशिक महामार्गाची वाहतूक ज्यांनी अनुभवलीय त्यांना वर्णन नको आणि ज्यांनी नाही त्यांना सांगून पटणार नाही. तळेगाव चौकात उतरलो. एका बाजूला तळेगाव, म्हणजे मुंबईचा रस्ता. दुसऱ्या बाजूला शिक्रापूर, म्हणजे नगरचा रस्ता. वर नाशिक, खाली पुणे. मोटारींच्या मोठमोठ्या कंपन्या चाकणला का आल्या हे या चौकात पाच मिनिटं उभं राहिलं की कळतं.

आणि शायिस्ताखान चाकणला का आला, हेही इथेच कळतं. मे १६६० मध्ये खान पुण्यात येऊन बसला. त्याची रसद यायची अहमदनगरहून. चाकणच्या पूर्वेला डोंगराची आडवी रांग नाही, सगळा सपाट मुलूख. चाकण हातात आलं तर दारूगोळा आणि धान्य कुठलाही घाट न चढता थेट येणार. म्हणजे खानाचा हिशेब आणि आजच्या कारखानदारांचा हिशेब एकच. सपाट जमीन आणि चहूकडे जाणारे रस्ते!

संग्रामदुर्ग हा भुईकोट. डोंगराचा आधार नाही, कडा नाही. चौकोनी तट, कोपऱ्यांना बुरूज आणि भोवती खंदक, एवढाच बचाव. किल्लेदार फिरंगोजी नरसाळा. २१ जून १६६० ला खानाची हजारोंची फौज किल्ल्याभोवती बसली. आत काही शे माणसं. मदत येणार कुठून? खुद्द महाराज तेव्हा पन्हाळ्यावर सिद्दी जौहरच्या वेढ्यात अडकले होते. पन्हाळ्याहून सुटका, बाजीप्रभू, पावनखिंड, हे घडलं १२-१३ जुलैला, म्हणजे चाकणचा वेढा निम्म्यावर आलेला असताना. एकाच पावसाळ्यात दोन वेढे, आणि आपल्याला शाळेत शिकवला जातो तो बहुतेक एकच.

पावसात वेढा चालवणं सोपं नव्हतं. मोर्चांमध्ये पाणी, दारू भिजलेली. मग खानाने भुयार खणायला लावलं. ते ईशान्येच्या बुरुजाखाली पोचायला ५४ दिवस लागले. १४ ऑगस्टच्या दुपारी सुरुंग उडाला आणि बुरूज, त्याच्यावरच्या माणसांसकट, उडाला. मोगल खिंडाराकडे धावले, तर आत काय? पडलेल्या बुरुजामागे मराठ्यांनी मातीचा आणखी एक उंच बांध आधीच घालून ठेवलेला! रात्रभर झुंज झाली. दुसऱ्या दिवशी मोगल आत शिरले, उरलेले लोक बालेकिल्ल्यात गेले, आणि शेवटी राव भावसिंगाच्या मध्यस्थीने किल्ला दिला. मोगलांचे २६८ ठार आणि ६०० जखमी. एका लहानशा भुईकोटासाठी एवढं, मग सह्याद्रीतल्या गडांना किती लागेल, हा हिशेब खानाने नक्कीच केला असणार. तो पुण्यात परतला. त्यानंतर एप्रिल १६६३ मध्ये लाल महालात त्याची बोटं गेली, ती गोष्ट सगळ्यांना पाठ आहे.

आता जरा या तारखा चिंचवडच्या तारखांशेजारी ठेवून बघा. घाटावरचं देऊळ पुरं झालं १६५९ च्या आषाढात. त्याच वर्षी नोव्हेंबरात अफझलखान पडला. आणि देवळाला एक वर्ष होतंय न होतंय तोच वीसेक किलोमीटरवर चाकणभोवती तोफा लागल्या. समाधीवर कळस बघणारी माणसं आणि सुरुंगाची बातमी ऐकणारी माणसं एकच होती. आईच्या त्या "माळ होता" मध्ये हे सगळं बसलेलं आहे.

आणि आज संग्रामदुर्ग? दहा-पंधरा मिनिटांत बघून होतो. तटाचे काही तुकडे, बुरुजांचे अवशेष, खंदकाच्या खुणा. बाकी सगळं गावाने आणि रस्त्यांनी गिळलंय. मी तिथल्या एका दुकानदाराला विचारलं, "दादा, किल्ला कुठे हो?" तो म्हणाला, "तुम्ही किल्ल्यातच उभे आहात." तो चेष्टा करत नव्हता, मी खरंच जुन्या तटाच्या आतच होतो.

इथे माझा तिसरा प्रश्न फारच बोचरा झाला. हे आज कोण वापरतं? १८१८ साली इंग्रजांनी किल्ला घेतला, तेव्हापासून लढाईसाठी तर कुणीच नाही. देवळासारखी रोजची सवय नाही. चापेकर वाड्यासारखं ठामपणे "ठेवायचं" असं ठरलं तेही फार उशिरा आणि थोडंथोडं. मधल्या काळात ज्याला दगड लागला त्याने दगड नेला असेल, ज्याला जागा लागली त्याने जागा घेतली असेल. त्या माणसांना मी नावं ठेवणार नाही. रोमच्या लोकांनी कलोसियमचं हेच केलं होतं, फक्त कलोसियम फार मोठं होतं म्हणून संपलं नाही. आणि चाकण तर कांदा-बटाट्याच्या आणि जनावरांच्या बाजारासाठी प्रसिद्ध! फोरमच्या जागी गुरं उभी असायची, तीच कथा. पण म्हणूनच मला वाटतं की उरलेले तुकडे म्हणजे गोष्टीचा शेवट नव्हे. फोरम गायरान होता तेव्हा त्याच्याकडे बघून कुणाला वाटलं असतं की एक दिवस लोक इथे तिकीट काढून येतील? जे उरलंय ते राखलं, दोन फलक नीट लावले, खंदक मोकळा ठेवला आणि सुरुंग कुठे उडाला ती जागा दाखवली, तर मोटार कंपनीतून सुटलेला एखादा पोरगा तिथे थांबून वाचेल. त्याच्या कंपनीची जागा आणि खानाच्या छावणीचा हिशेब एकच आहे हे त्याला कुणीतरी सांगायला हवं.

परतीच्या बसमध्ये मात्र मला वेगळीच काळजी लागली. देवळं सवयीने राहतील. वाडे, किल्ले यांच्यासाठी आज ना उद्या कुणीतरी उभं राहतं. पण आपल्या आईवडिलांच्या काळाचं काय? १९५४ पासूनची ही सगळी कारखान्यांची गोष्ट. आकुर्डीला ज्या स्कूटरसाठी लोक आठ-आठ, दहा-दहा वर्षं नंबर लावून थांबायचे, तिथलं उत्पादन २००७ मध्ये थांबलं. पुढे २०२२ मध्ये त्याच आकुर्डीत त्याच चेतक नावाची विजेवरची स्कूटर बनवायचा नवा कारखाना सुरू झाला. जुन्या शॉपमध्ये कोण कुठल्या मशिनवर उभा होता, पहिल्या पाळीची सायकलींची रांग कुठपर्यंत जायची, भोंगा वाजला की कुठल्या हॉटेलात उसळ-पाव संपायचा, हे कुठल्याच शिलालेखात नाही. वापर संपत आलाय आणि आठवण ठेवायला अजून कुणी सुरुवात केलेली नाही. म्हणजे नेमकी ती अवस्था, ज्यात दगड एकेक करून जातात. चाकणच्या तटाचे गेले तसे.

आमच्या बाबांकडे पितळेचा हजेरीचा बिल्ला होता. तो अजून घरात आहे, कारण आईने त्यात कपाटाची किल्ली अडकवलीय. (बघा, वापर!) पण त्या बिल्ल्यामागची बारीकसारीक माहिती बाबांबरोबर गेली. पहिला पगार किती, खोलीचं भाडं किती, गावाकडून आणलेली ट्रंक कुठे ठेवली, यातलं निम्मंच मला माहीत आहे.

म्हणून मंडळी, विशेषतः नातेवाईक मंडळी, एक विनंती. घरात जो कुणी साठ-सत्तरच्या दशकात पिंपरी, भोसरी, आकुर्डीला कामाला लागला असेल त्या काकांजवळ, मामांजवळ, आजोबांजवळ एखाद्या रविवारी वही घेऊन बसा. फार मोठं काही विचारू नका. पहिल्या दिवशी गेटवर कोण भेटलं, डब्यात काय होतं, मशिनचं नाव काय होतं, एवढंच. तारखेसकट लिहा. आणि बायकांनाही विचारा, कारण तीन पाळ्यांच्या घरात चूल कोणत्या वेळी पेटायची हे फक्त त्यांनाच ठाऊक आहे. आमच्याकडे मी आईपासून सुरुवात केली. पहिलंच उत्तर मिळालं, "१९७१ साली आम्ही या खोलीत आलो तेव्हा खिडकीतून थेट नदी दिसायची." खिडकी अजून आहे. समोर आता सात मजली इमारत आहे. मी ते वाक्य तारखेसकट लिहून ठेवलंय.